विंडोज १० वर थांबायचं की ११ वर जायचं? कोकणातल्या घरच्या कॉम्प्युटरसाठी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कॉम्प्युटर त्यामुळे बंद पडत नाही, सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं. घरगुती मशीनची वाढीव अपडेटसाठी नोंदणी केली तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. म्हणजे गणपतीत मुंबईहून आलेल्या भाच्याला दीड दिवसात ‘जरा अपग्रेड करून दे’ म्हणण्याइतकी घाई नाही. तो करून देतोही, पण पंचमीला परत जातो आणि बंद मशीन तुमच्याकडे राहतं.

आधी प्रोसेसर बघा. इंटेल असेल तर ८ वी पिढी किंवा पुढची हवी. आय-५ ८४०० मधला ८ म्हणजे पिढी. ७४०० असेल तर विषय संपला. एएमडीमध्ये साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढे. जुन्या प्रोसेसरवर तपासणी चुकवून ११ घालायच्या युक्त्या फिरत असतात. त्या वापरू नका. अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी नसते, आणि अपडेटसाठीच तर हा खटाटोप. कोअर टू ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवर ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूसुद्धा होत नाही. अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका. बँक, मेल, पत्रं सगळं होतं.

४ जीबी रॅममध्ये ११ बसतं असं कागदावर आहे. ८ जीबी आणि एसएसडी नसेल तर त्या नादी लागू नका. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर (यूएसबीला लावायच्या परवान्याच्या चावीवर) चालत असेल किंवा प्रिंटर दहा-बारा वर्षांचा असेल, तर त्यांचा ११ साठीचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) मिळतो का ते आधी शोधा. नसेल तर तूर्त १० बरं.

आता खरी अडचण. प्रोसेसर चांगला असूनही मशीनवर ११ चालेल का हे तपासणारं अ‍ॅप लाल फुली दाखवतं आणि लोक नवं मशीन घ्यायला निघतात. बहुतेक वेळा टीपीएम, म्हणजे ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, फक्त बंद असतं. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडायच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम या नावानं असतं, ते चालू करायचं. पण ११ ला सिक्युअर बूट, म्हणजे खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालवू शकणारं मशीन लागतं, आणि त्यासाठी ते यूईएफआय या नव्या पद्धतीनं सुरू व्हावं लागतं. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’समोर ‘लेगसी’ (जुनी पद्धत) दिसलं, तर बायोसला अजून हात लावू नका. डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असताना सीएसएम, म्हणजे बायोसमधली जुन्या पद्धतीची सोय, बंद केलं की विंडोज सुरूच होत नाही.

आधी डिस्क मॅनेजमेंट उघडा. असेम्बल्ड मशीनमध्ये सी, डी, ई, एफ असे कप्पे पाडलेले असतात. डी-ई-एफ भोवती हिरवी चौकट दिसली तर ते एक्स्टेंडेड पार्टिशनमधले लॉजिकल कप्पे आहेत, आणि डिस्क नव्या जीपीटी मांडणीत बदलणारं मायक्रोसॉफ्टचं एमबीआर२जीपीटी हे साधन तिथेच नकार देतं. प्रायमरी कप्पे तीनपेक्षा जास्त असले तरी नकारच. उपाय एकच: त्या कप्प्यांतलं सगळं बाहेरच्या डिस्कवर न्या, दोन-चार फायली तिथून उघडून बघा, मग कप्पे आणि शेवटी ती हिरवी चौकट डिलीट करा. कप्पे ‘न पुसता’ जोडून देणारी फुकट सॉफ्टवेअर या कामाला वापरू नका. मध्येच वीज गेली तर सगळंच जातं.

बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तात्पुरतं थांबवा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये एमबीआर२जीपीटी, पुढे ‘/व्हॅलिडेट’ आणि ‘/अलाऊफुलओएस’, अर्थात इंग्रजी अक्षरांत. ही नुसती चाचणी आहे, डिस्क बदलत नाही. ती पास झाल्याशिवाय ‘/कन्व्हर्ट’ टाइप करू नका. कन्व्हर्ट झालं की लगेच रीस्टार्ट करून बायोसमध्ये सीएसएम बंद, यूईएफआय चालू, मग सिक्युअर बूट.

सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर दोष बहुधा जुन्या ग्राफिक्स कार्डाचा असतो. कार्ड काढा, केबल बोर्डवरच्या पोर्टला लावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसेल तर मदरबोर्डचा सेल काही मिनिटं काढून बायोस मूळपदावर आणा आणि दुसरं कार्ड मिळेपर्यंत सीएसएम चालूच ठेवा. स्क्रीनवर बायोस दिसायला तोच मार्ग उरतो. फक्त जीपीटी झालेली डिस्क तोवर सुरू होणार नाही, म्हणून कार्डाची खात्री कन्व्हर्टच्या आधी करा.

तो सेल, सीआर२०३२, आधीच नवा घाला. खाऱ्या हवेत त्याच्या पकडीवर हिरवट थर चढतो, आणि घर चार महिने बंद असलं की जुना सेल उतरू शकतो. मग बायोस मूळ सेटिंगवर जातं, जुन्या बोर्डवर सीएसएम परत चालू होतं आणि ‘बूट डिव्हाइस निवडा’ असा संदेश येतो. लोक त्याला हार्डडिस्क गेली समजतात.

मुहूर्त: दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. मार्च ते मे आंब्याची बिलं आणि पाहुण्यांचं बुकिंग, पुढे पावसात लाइटचा भरवसा नाही. यूपीएस किमान अर्धा तास तग धरतो का ते प्लग काढून बघा. डाउनलोड अनेक जीबींचं आहे. मोबाइलच्या डेटावर न करता तालुक्याच्या गावी चांगल्या लाइनवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये करून आणा.

प्रत्यक्ष अपग्रेड म्हणजे सेटअप चालवा, ‘फायली आणि अ‍ॅप ठेवा’ निवडा, थांबा.

नंतर पहिल्याच आठवड्यात प्रिंट काढा, डोंगल लावा, बँकेत लॉगिन करा. पटलं नाही तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून १० दिवसांत १० वर परतता येतं. तोवर डिस्क साफ करताना ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक करू नका, परतीची वाट तेवढीच आहे.