निंबोळी अर्क फसत होता, तो असा जमला

सलग दोन हंगाम मी कपाशीवर निंबोळी अर्क फवारला आणि मावा, तुडतुडे या रस शोषणाऱ्या किडी जागच्या जागीच राहिल्या. चूक सापडली ती साठवणीत. निंबोळ्या मी कडक उन्हात अर्धवट वाळवून प्लॅस्टिकच्या पोत्यात भरायचो. आत बुरशी धरायची. बियांमधलं कीडनाशक द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हानेही लवकर निकामी होतं, हे मला फार उशिरा कळलं.

यंदा झाडाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या रोज वेचल्या, गर धुऊन काढला, बिया सावलीत खडखडीत वाळवून गोणपाटात ठेवल्या. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी ५ किलो बिया जाडसर कुटून १० लिटर पाण्यात भिजवल्या. सकाळी फडक्यातून दोनदा गाळलं. हे गाळणं टाळू नका, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं आणि अर्धा दिवस त्यातच जातो. मग २०० ग्रॅम साबण पाण्यात विरघळवून त्यात मिसळला आणि एकूण १०० लिटर द्रावण केलं. साबणाशिवाय थेंब पानावर ठरत नाही.

फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनेही केली. तयार अर्क त्याच दिवशी संपवला.

किडी लगेच मरून पडत नाहीत. त्या खाणं सोडतात, पिल्लांची कात नीट टाकली जात नाही. पाचव्या दिवशी नवी पालवी सरळ, न आकसलेली दिसली, तेव्हा जीव भांड्यात पडला.