बुडालेल्या भाड्याचा क्लेम: पाणी ओसरल्यानंतरचे दिवस

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते आणि कुंभार गल्लीत तळमजले भरतात. विमा कंपनीने घरमालकाला बुडालेलं भाडं दिलं ते फक्त पाणी साचलेल्या ९ दिवसांचं. दरमहा १२,००० म्हणजे ३,६००. खरा हिशेब घर पुन्हा राहण्यालायक होईपर्यंतच्या ७५ दिवसांचा, ३०,००० रुपये.

घोळ इथंच होतो. भारत गृह रक्षा या घराच्या विमा पॉलिसीत भाड्याचं नुकसान घर राहण्यालायक होईपर्यंत धरतात, पाणी ओसरेपर्यंत नव्हे. पण ते कागदावर दिसायला हवं: आर्किटेक्टचा किंवा महापालिकेचा 'राहण्यास अयोग्य' दाखला. नुसता पंचनामा पुरत नाही. त्यात पाणी शिरलं एवढंच असतं. 'भाडेकरू आपणहून गेला' या कंपनीच्या मुद्द्याला उत्तर म्हणजे नोंदणीकृत करार, बँकेतल्या भाड्याच्या नोंदी, आणि भिंतीवरच्या गाळाच्या रेषेला टेप लावून काढलेले तारखेचे फोटो. गिलावा वाळायलाच महिना जातो, गवंड्याची बिलंही तारखेवार लावा.

नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल लेखी मागा. कंपनीच्या तक्रार कक्षाकडून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. एका वर्षाच्या आत. फी नाही, वकीलही चालत नाही, हे बरंच आहे.