हूल कुठे फसते? चढाईपटूंनो, या चुका टाळा

कबड्डीत समोर ७ जण आणि हाताशी ३० सेकंद. ७ जणांपुढे एकट्याची ताकद पुरत नाही. चढाई जिंकायची ती हूल देऊनच. पण नवी पोरं हूल शिकतात ती उलट्या टोकाकडून. मोबाईलवर चढाईपटू प्रदीप नरवालची डुबकी (बचावपटूंच्या हातांखालून वाकून निसटणं) बघितली की दुसऱ्या दिवशी मॅटवर डुबकीच मारायची असते. टो टचचा, म्हणजे पाय लांबवून बोटांनी शिवण्याचा, सराव कंटाळवाणा वाटतो, मध्यरेषेकडे परत झेपावण्याचा त्याहून जास्त. मग त्याच त्या चुका प्रत्येक स्पर्धेत दिसत राहतात.

खऱ्या हल्ल्याआधीच हूल

सगळ्यांत महाग चूक हीच. हूल म्हणजे खोटा हल्ला, आणि समोरच्याने खरा हल्ला सोसलेला असेल तरच तो खोट्याला बिचकतो. पहिल्याच चढाईत डावीकडे खांदा टाकून उजवीकडे वळलात, तर कॉर्नर (कडेचा बचावपटू) जागचा हलणारही नाही. का हलावं त्याने? त्या बाजूने त्याला अजून काहीच झालेलं नाही.

म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन चढाया एकाच कॉर्नरवर खर्ची घाला. पाय पूर्ण लांबवून खराखुरा टो टच मारा, गुण मिळो न मिळो. तो पाय मागे घ्यायला लागला, शेजारचा त्याला सांभाळायला सरकू लागला, की दुसऱ्या बाजूला फट पडते. हूल द्यायची ती त्यानंतर.

दुसरी गोष्ट वजनाची. मुरलेला कॉर्नर तुमचे हात बघत नाही. त्याची नजर तुमच्या कमरेवर आणि गुडघ्यावर असते. नुसते खांदे हलले आणि कंबर जागेवर राहिली, तर त्याला सगळं कळलेलं असतं. वजन खरोखर पुढच्या पायावर जाऊ द्या, पण चवड्यावर. टाच टेकली की पाय परत उचलायला उशीर होतो आणि तेवढ्यात घोटा त्याच्या हातात असतो. माझ्या पोरांना मी सरावात हात पाठीमागे बांधायला लावतो आणि फक्त कमरेने हूल द्यायला सांगतो. आठवडाभर कुरकुर करतात, मग फरक त्यांचा त्यांनाच दिसतो.

वेगाचंही तेच आहे. सबंध चढाई पळत केली तर वेग वाढवायला जागाच उरत नाही. संथ चाला, एखाद्या क्षणी थांबाही. बचावपटूचा पाय सैल पडला की तेव्हा सुटा.

डुबकी कुठेही मारणे

डुबकी ही हूल नाही, सुटका आहे. तुमच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये हात धरलेल्या बचावपटूंची साखळी आली, ती उभ्या अंगाने आली आणि हात छातीच्या उंचीवर जुळले, तरच खालून वाट असते. कव्हर (कॉर्नरच्या आतल्या बाजूचे बचावपटू) खाली बसून गुडघ्याच्या उंचीवर हात धरून थांबले असतील, तर डुबकी मारणारा स्वतःहून मान त्यांच्या हातात देतो. तिथे वरून जायचं, अजय ठाकूरच्या बेडूकउडीसारखं, किंवा त्या बाजूला जायचंच नाही. सरावाला दोन खांबांत कमरेच्या उंचीवर दोरी बांधा. तिच्याखालून न अडखळता निघता आलं की दोरी वीतभर खाली घ्या. साखळीतली माणसं त्यानंतर.

लॉबी विसरणे

कुणालाही स्पर्श न होता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, पाऊल पडलं की चढाईपटू बाद. हे सगळ्यांना पाठ असतं आणि ऐन वेळी सगळेच विसरतात. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना आठवा. भारत-इराण २८-२८, शेवटचं मिनिटभर उरलेलं, पवन सेहरावतची ‘करो या मरो’ चढाई, म्हणजे सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची, गुण नाही तर बाद अशी. पवन स्पर्शाविना लॉबीत गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग लॉबीत धावले. मग जुना नियम की नवा, त्या बचावपटूंनाही बाद धरायचं की नाही, यावर खेळ बराच वेळ बंद पडला. शेवटी निर्णय भारताच्या बाजूने गेला आणि सुवर्ण ३३-२९ असं आलं.

सुवर्ण आलं म्हणून चढाई बरोबर ठरत नाही. कडेला जायच्या आधी एक बोट तरी कुणाला लावा. बचावपटूंनी तर याहून मोठा धडा घ्यावा. स्पर्श नसताना चढाईपटू बाहेर गेला, तर जागेवर थांबा, हात वर करा, पंचांकडे बघा. त्याच्यामागे धावून मिळण्यासारखं काही नसतं, गमावण्यासारखं पुष्कळ असतं. गावाकडच्या मैदानावर लॉबीची फक्की पहिल्या दहा मिनिटांत पुसली जाते. मध्यंतरात ती पुन्हा मारून घ्या. रेषाच दिसत नसेल तर रेषेचं भान येणार कुठून?

बाकीच्या, थोडक्यात

बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या जादा गुणासाठी समोर किमान ६ बचावपटू लागतात. ५ जणांपुढे बोनस रेषेकडे धावणं म्हणजे मध्यरेषेपासून पावणेपाच मीटर आत फुकट जाणं. आणि रेषेपलीकडे एक पाय टेकताना मागचा पाय हवेत हवा. तो घसटत राहिला तर गुण नाही.

निदान रेषा आधी ओलांडा, डावपेच मग. पुरुषांच्या मैदानात ती ३.७५ मीटरवर आहे. कुणाला स्पर्शही नाही आणि रेषाही ओलांडली नाही, तर परत आलेला चढाईपटू बादच.

दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी कुणाच्या गळ्यात पडणार, हे पहिल्या रिकाम्या चढाईलाच ठरवा. हुशार संघ तुम्हाला मुद्दाम रिकामं परत पाठवतो आणि तिसऱ्या चढाईला जाळं लावतो. तिसरीला बदली म्हणून थंड अंगाचा खेळाडू पाठवणं मला मुळीच पटत नाही.

समोर ३ जण उरले की नवख्याला सोपं वाटतं. खरं तर तिथे एका पकडीचे त्यांना २ गुण मिळतात. दोन्ही कॉर्नर मुद्दाम खोल उभे राहतात आणि मधली जागा मोकळी ठेवतात. ती जागा तुमच्यासाठी मोकळी केलेली नसते. तुम्ही आघाडीवर असाल आणि तिसरी चढाई नसेल, तर निदान रेषा ओलांडा, २० सेकंद काढा आणि रिकाम्या हाताने परत या.