अशिलाशी फी कशी ठरवावी
वकिलाने वकालतनाम्यावर (अशिलाने वकिलाला दिलेल्या अधिकारपत्रावर) सही घेण्यापूर्वीच फीची पद्धत लेखी ठरवावी. नोटीस किंवा विक्रीखतासारख्या कामाला ठोक रक्कम पुरते. मात्र गोव्यातील वारसा-वाटणीची इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (मृताच्या मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटण्याची न्यायालयीन प्रक्रिया), जिच्यात परदेशी स्थायिक झालेल्या वारसांना नोटिसा पोहोचवण्यातच बराच काळ जातो, तिला टप्प्याटप्प्याने फी घेणेच मला न्याय्य वाटते: अर्ज दाखल करताना, मालमत्तेची यादी सादर झाल्यावर आणि वाटणीच्या वेळी. नियमित सल्ला घेणाऱ्या कंपन्यांना मासिक रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेली फी, सोयीचा पडतो. निकालावर अवलंबून असलेली फी किंवा मिळणाऱ्या जमिनीत हिस्सा कधीही ठरवू नये, कारण वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार त्यास मनाई आहे. कोर्ट फी, टायपिंग, म्हापसा-पणजी प्रवास हा खर्च वेगळा ठेवावा आणि आलेली रक्कम फीची की खर्चाची, ते पावतीवरच लिहावे.