ओव्हन नाही, बटर नाही, तरी घरातल्या डब्यांतून नानकटाई

चहाबरोबर काहीतरी गोड खुसखुशीत हवंय आणि घरातली बिस्किटं संपलीयत, अशा वेळी दुकानात जायच्या आधी ओट्याखालचे डबे उघडून बघा. कणीक, बेसन, तूप, साखर एवढं असेल ना तर नानकटाई होतेच. रेसिपी तोंडपाठ करायची गरज नाही, प्रमाण तेवढं लक्षात ठेवा: 1 वाटी पीठ, त्याच्या निम्मं तूप आणि तुपाएवढी किंवा किंचित कमी पिठीसाखर. बाकी सगळं घरात काय आहे त्यावर ठरवायचं.

पीठ म्हणजे मैदाच पाहिजे असं नाही. मैद्याची नानकटाई जिभेवर विरघळते हे खरं, पण कणकेची खमंग लागते आणि मला तीच जास्त आवडते. वाटीतलं 2 चमचे पीठ काढून तेवढं बेसन घाला, 1 चमचा बारीक रवा घाला, रव्याने छान रवाळपणा येतो. बेसन आधी जरा कोरडंच भाजून घेतलं तर कच्चट वास राहत नाही. नाचणीचं पीठ असेल तर निम्मं नाचणी निम्मी कणीक घ्या, नुसत्या नाचणीची केली तर हातात घेताच भुगा होतो. तळाशी उरलेलं सुकं खोबरं, दाण्याचं कूट, दोन चमचे कस्टर्ड पावडर, मिल्क पावडर, काहीही चालतं, फक्त जेवढं घालाल तेवढं पीठ कमी करा.

साखर मिक्सरला अगदी बारीक करून चाळून घ्या, दाणे राहिले तर भाजताना वितळून नानकटाई पसरते. गूळ वापरायचा असेल तर बारीक किसून घ्या आणि मग दूध अजिबात घालू नका कारण गुळाचा स्वतःचा ओलावा असतो, शिवाय गुळाची लवकर करपते म्हणून गॅसकडे लक्ष ठेवा.

आता तूप. ते थिजलेलं हवं, पातळ नको. मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात तूप पातळच असतं तर वाटी 15 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. खारं बटर असलं तरी चालतं, मग वेगळं मीठ नको. नुसत्या तेलाची मात्र करू नका, ती कडक होते आणि चवही येत नाही, तूप थोडं कमी पडलं तर 1-2 चमचे तेलाने भागवा. परातीत तूप आणि साखर घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसत बसा, आधी पिवळट, जड लागतं, मग हळूहळू पांढरं होत जातं आणि हाताला हलकं लागायला लागतं, बोटांना साखरेची कचकच जाणवत नाही. इथे घाई करू नका, सगळा खुसखुशीतपणा ह्या फेसण्यातच आहे, ह्यात जी हवा भरते तीच पुढे नानकटाई फुलवते.

मग पाव चमचा बेकिंग पावडर आणि वेलची पूड. बेकिंग पावडर नसेल तर दोन चिमूट खायचा सोडा आणि 1 चमचा दही. सोडा ह्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते.

पीठ चाळून घाला आणि कणकेसारखं मळू नका, नुसतं गोळा करा. मूठ दाबल्यावर मुटका झाला की बास. होत नसेल तर चमचा चमचा दूध घाला, फारच सैल असेल तर 10 मिनिटं फ्रीजला ठेवा. छोट्या लिंबाएवढे गोळे करून हलके दाबा, वर काजू बदाम असेल ते लावा आणि तूप लावलेल्या ताटलीत अंतर ठेवून मांडा.

ओव्हन असेल तर 170 डिग्रीला 15 ते 18 मिनिटं. नसेल तर जाड बुडाची लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची कढई घ्या, नॉनस्टिक नको, ती अशी रिकामी तापवली की खराब होते. तळाशी मीठ पसरा, वर रिंग किंवा स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर 10 मिनिटं तापवा, मग ताटली आत ठेवून गॅस एकदम बारीक, 20 ते 25 मिनिटं. कुकरही चालतो पण झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढूनच, आणि पाणी घालायचं नाही.

कढईत धग खालून लागते त्यामुळे नानकटाई वरून पांढरटच राहते, लाल व्हायची वाट बघत बसलात तर तळ जळेल. वर बारीक चिरा पडल्या आणि एक हळूच कलती करून बघितल्यावर बूड बदामी दिसलं की झाली. तेव्हा ती मऊच लागते, कच्ची राहिली असं वाटतं, पण परत आत ठेवू नका, पूर्ण गार झाल्यावरच कडक होते. तोपर्यंत उचलायची नाही, डब्यातही भरायची नाही, नाहीतर वाफ धरून मऊ पडेल.

दुसऱ्या घाण्याला कढई आधीच तापलेली असते तेव्हा 15 मिनिटांनंतरच बूड बघायला सुरुवात करा. ते मीठ गार झालं की बरणीत भरून पुढच्या वेळेसाठी ठेवा, स्वयंपाकात वापरू नका.