वर्डप्रेस प्लगिनचा कोड टूलने तपासताना सुरुवात कुठून करायची

प्लगिन नीट चालतोय म्हणून कोडही नीट आहे असं काही नसतं. आत काय काय लपलंय ते टूल लावल्यावर कळतं, पण बहुतेक लोक पहिल्यांदा पीएचपी कोडस्निफर, म्हणजे कोड ठरलेल्या नियमांत बसतो का ते बघणारं टूल, चालवतात, स्क्रीनवर हजारभर एरर धडाधड येतात, आणि तिथेच सगळं गुंडाळून ठेवतात. त्या हजारातले बरेचसे स्पेस, टॅब आणि कंसाचे असतात, खरे घातक मोजकेच. म्हणून आधी घातक वेगळे काढायचे, सजावट नंतर.

तयारी फार नाही. कंपोझरने (पीएचपीची पॅकेजेस आणून लावणारं टूल) कोडस्निफर आणि वर्डप्रेस कोडिंग स्टँडर्ड्स (वर्डप्रेसच्या नियमांचा संच) दोन्ही डेव्ह डिपेंडन्सी म्हणून टाका, म्हणजे लाइव्ह साइटवर जाणार नाहीत. मग प्लगिनच्या रूट फोल्डरमधे कुठले नियम लावायचे ते सांगणारी एक एक्सएमएल रूलसेट फाइल ठेवा, त्यात स्टँडर्ड म्हणून पूर्ण वर्डप्रेस निवडा आणि वेंडर आणि नोड मॉड्यूल्स हे बाहेरच्या लायब्ररींचे फोल्डर, तसंच मिनिफाय केलेल्या (आकसवलेल्या) फाइल्स वगळा. हे वगळायचं राहिलं तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररीच्या चुका तुमच्या नावावर मोजल्या जातात, आणि टूलही ढिम्म हलत नाही.

पहिल्या रनला फाइलवार रिपोर्ट बघूच नका. रिपोर्टच्या ऑप्शनला सोर्स द्या, मग कुठला नियम किती वेळा मोडलाय याची यादी मिळते. त्यात सिक्युरिटी आणि डीबी (डेटाबेस) या गटातलं जे असेल ते आधी उचलायचं: आउटपुट एस्केप न करणं (छापण्याआधी त्यातली धोकादायक चिन्हं निष्प्रभ न करणं), इनपुट सॅनिटाइझ न करणं (बाहेरून आलेली माहिती साफ न करणं), नॉन्स (फॉर्मसोबत जाणारं तपासणीचं टोकन) न तपासणं, क्वेरी प्रिपेअर न करणं (डेटाबेसच्या क्वेरीत व्हॅल्यू सुरक्षितपणे न बसवणं).

एक नेहमी दिसणारा नमुना घ्या. अॅडमिनमधे डिलीटचं बटण आहे, ते बटण दाबल्यावर चालणाऱ्या हँडलरमधे फॉर्मच्या पोस्ट रिक्वेस्टमधून आलेला आयडी थेट डिलीट क्वेरीच्या स्ट्रिंगला जोडलाय. एवढ्या एका ओळीवर टूल निदान तीन वेगवेगळ्या तक्रारी करतं, क्वेरी प्रिपेअर नाही, इनपुट सॅनिटाइझ नाही, नॉन्स नाही. लोक काय करतात, तिन्ही गप्प बसेपर्यंत ठिगळं लावतात. आयडी अॅबसिंट या पूर्णांक करणाऱ्या फंक्शनमधून काढला, क्वेरी प्रिपेअर करून आकड्याच्या जागी टक्का-डी (%d) ठेवला, वर नॉन्स तपासला, झालं, तिन्ही तक्रारी गप्प. पण हे बटण दाबणाऱ्याला डिलीट करायचा अधिकार आहे का, हे अजून कोणी विचारलेलंच नाही! नॉन्समुळे एवढंच कळतं की रिक्वेस्ट त्या माणसाने तुमच्याच फॉर्मवरून पाठवलीय, त्याला परवानगी आहे की नाही ते करंट यूझर कॅन या फंक्शननेच बघावं लागतं आणि कोडस्निफर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणून नॉन्सची तक्रार जिथे जिथे येईल तिथे अधिकाराची तपासणी स्वतः डोळ्यांनी बघा, टूलने निदान जागा तरी दाखवून दिलेली असते.

हे उरकलं की सजावट. कोडस्निफरसोबत येणारं पीएचपीसीबीएफ स्पेस, इंडेंट वगैरे आपोआप दुरुस्त करतं. हे काम वेगळ्या कमिटमधे (बदलांच्या स्वतंत्र नोंदीत) करा, नाहीतर रिव्ह्यू करणाऱ्याला शेकडो बदललेल्या ओळींत खरा बदल शोधत बसावं लागेल. योडा कंडिशन, म्हणजे तुलनेत व्हॅल्यू आधी आणि व्हेरिएबल नंतर लिहायचं, तो नियम माझ्या मते खुशाल बंद करा.

आता दुसरं टूल, पीएचपीस्टॅन. कोडस्निफर एकेक फाइल वाचतो, हे मात्र फंक्शन काय परत देतं आणि तुम्ही त्याचं काय करता याचा मेळ लावतं. वर्डप्रेसची फंक्शन्स त्याला आपसूक माहीत नसतात, त्यामुळे वर्डप्रेससाठीचं एक्स्टेन्शन आणि स्टब्ज (फंक्शन्सची नुसती रूपरेषा असलेल्या फाइल्स) टाकावे लागतात, नाहीतर प्रत्येक फंक्शन सापडत नाही म्हणून ओरडत बसेल. लेव्हल 0 पासून सुरू करा, मग 5 पर्यंत चढा, तिथे आर्ग्युमेंटचे टाइप तपासले जातात. वर अजून लेव्हल आहेत आणि खरी मजा तिथेच आहे. उदाहरणार्थ दुसऱ्या सर्व्हरवरून माहिती आणणारं डब्ल्यूपी रिमोट गेट हे फंक्शन कधी अॅरे देतं, कधी डब्ल्यूपी एरर ऑब्जेक्ट. तुम्ही सरळ अॅरे समजून त्यातली बॉडी वाचली तर समोरचा सर्व्हर चालू असेपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चालतं आणि तो बंद पडला की तुमच्या साइटवर फेटल एरर. टेस्टिंगमधे हे हमखास सुटतं, पीएचपीस्टॅन लेव्हल 7 ला पकडतं.

जुना प्लगिन असेल तर पीएचपीस्टॅनची बेसलाइन फाइल बनवून घ्या. आत्ताच्या सगळ्या एरर त्यात नोंदल्या जातात आणि यापुढे फक्त नव्या दिसतात. मात्र बेसलाइन बनवायच्या आधी एकदा नजर टाका, फेटल होणारं काही त्यात गाडलं जायला नको.

पीएचपीची व्हर्जन बदलणार असाल तर कोडस्निफरला पीएचपी कंपॅटिबिलिटीचं वर्डप्रेसवालं स्टँडर्डही जोडा आणि टेस्ट व्हर्जन, म्हणजे कुठल्या पीएचपी व्हर्जनसाठी तपासायचं ते, सेट करायला विसरू नका. पीएचपी 8.2 पासून क्लासमधे जाहीर न केलेली प्रॉपर्टी ऐनवेळी तयार केली की डेप्रिकेटेड नोटीस येते, आणि जुन्या प्लगिनमधे अशा प्रॉपर्टी पोत्याने असतात. यातल्या बऱ्याचशा पीएचपीस्टॅनच दाखवून देतं.

प्लगिन वर्डप्रेसच्या डिरेक्टरीत टाकायचा असेल तर प्लगिन चेक नावाचा त्यांचाच प्लगिन चालवून बघा, अॅडमिनमधे टूल्सखाली सापडतो. 2024 पासून नवीन प्लगिन सबमिट करताना हीच तपासणी होते, त्यामुळे तिकडून परत यायच्या आधी घरीच कळलेलं बरं.

आणि कोडस्निफरची एखादी एरर खरंच चुकीची वाटली, तर त्या ओळीपुरतं इग्नोर कमेंट टाका, नियमाच्या पूर्ण नावासकट आणि पुढे कारण लिहून. नुसतं इग्नोर लिहिलं तर त्या ओळीवरच्या सगळ्याच तक्रारी बंद होतात, उद्या तिथे कोणी एस्केप काढून टाकलं तरी टूल चूं करणार नाही.