विद्युत अपघटनात कोणत्या अग्रावर काय मिळेल, हे कसे ठरवावे

विद्युत अपघटनाच्या, म्हणजे विजेच्या साहाय्याने संयुगाचे घटक वेगळे करण्याच्या, प्रश्नात विद्यार्थी अडतो तो बहुधा एकाच ठिकाणी: ऋणाग्रावर काय तयार होईल आणि धनाग्रावर काय? उत्तरे पाठ केलेली असली, तर क्षार बदलताच गोंधळ उडतो. म्हणून विद्युत अपघटनीमध्ये, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या द्रावणात किंवा वितळलेल्या क्षारात, कोणकोणते आयन (विद्युतप्रभारित कण) आहेत, याची यादी आधी कागदावर लिहावी आणि मगच अग्रांकडे वळावे.

बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेले ते ऋणाग्र, धन टोकाला जोडलेले ते धनाग्र. धन आयन त्याच्याकडे सरकतात आणि तेथे इलेक्ट्रॉन घेतात, म्हणजे त्यांचे क्षपण होते. ऋण आयन धनाग्रावर इलेक्ट्रॉन देतात, म्हणजे त्यांचे ऑक्सिडीकरण होते. तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात, द्रावणातून मात्र आयनच वाहतात. उत्तरपत्रिकेत ही सरमिसळ फार आढळते. घन क्षारातील आयन जागचे हलू शकत नाहीत, म्हणून क्षार वितळवावा किंवा विरघळवावा लागतो.

वितळलेल्या क्षाराचे उत्तर सोपे असते. सोडिअम क्लोराइड सुमारे 801 अंश सेल्सिअसला वितळते. त्यात दोनच प्रकारचे आयन असल्याने ऋणाग्रावर सोडिअम आणि धनाग्रावर क्लोरीन मिळते.

खरी कसोटी जलीय द्रावणात लागते, कारण पाण्यातून आलेले थोडे हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनही स्पर्धेत उतरतात, आणि यादीत नेमके तेच लिहायचे राहतात. ऋणाग्रावर पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम किंवा ॲल्युमिनिअमचे आयन असतील, तर धातूऐवजी हायड्रोजन वायू सुटतो. तांबे आणि चांदी मात्र धातुरूपात जमा होतात. जस्तासारख्या मधल्या धातूंचा निकाल परिस्थितीनुसार बदलतो, त्यामुळे सुरुवातीला ते बाजूला ठेवलेले बरे. धनाग्र निष्क्रिय, म्हणजे ग्रॅफाइटसारखे स्वतः क्रियेत भाग न घेणारे असेल, तर क्लोराइड, ब्रोमाइड किंवा आयोडाइडच्या संहत (तीव्र) द्रावणातून अनुक्रमे क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन मिळते. सल्फेट आणि नायट्रेट आयन तसेच राहतात व ऑक्सिजन सुटतो. मिठाच्या संहत द्रावणात म्हणूनच हायड्रोजन आणि क्लोरीन बाहेर पडतात, आणि मागे सोडिअम हायड्रॉक्साइड उरते. क्लोरीन विषारी असल्याने हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, हवेशीर जागीच करावा.

पडताळणीसाठी मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) द्रावण उत्तम. चंचुपात्रात ते घेऊन पेन्सिलीतील ग्रॅफाइटच्या दोन कांड्या एकमेकींना न टेकता बुडवाव्यात आणि 6 व्होल्टची बॅटरी जोडावी. घरातील विजेच्या सॉकेटशी किंवा प्रत्यावर्ती धारेशी जोडणी कधीही करू नये. थोड्याच वेळात ऋणाग्रावर तांबूस थर दिसू लागतो. धारा जास्त असेल, तर हा थर काळपट व भुसभुशीत होऊन गळून पडतो. धनाग्रावर ऑक्सिजनचे बुडबुडे येतात, तांब्याचे आयन कमी होत गेल्याने निळा रंग हळूहळू फिका पडतो आणि द्रावणात सल्फ्युरिक आम्ल वाढत जाते.

आता ग्रॅफाइटऐवजी तांब्याच्या पट्ट्या वापराव्यात. बुडबुडे येत नाहीत आणि निळा रंगही टिकतो, कारण धनाग्राचे तांबे स्वतःच आयन होऊन द्रावणात उतरते आणि तितकेच ऋणाग्रावर बसते. म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी अग्र कशाचे आहे, हेही पाहावे. तांब्याच्या शुद्धीकरणात हीच क्रिया वापरतात. तेथे अशुद्ध धनाग्राखाली साचणाऱ्या गाळातून चांदी आणि सोनेही मिळते.

किती तांबे जमले, हे मायकेल फॅराडे यांच्या नियमांवरून काढता येते. 0.5 अँपिअर धारा 30 मिनिटे वाहिली, तर 0.5 × 1800 = 900 कूलोम प्रभार वाहतो. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार सुमारे 96,500 कूलोम असतो आणि तांब्याच्या प्रत्येक आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून वस्तुमान (900 ÷ 96,500) × (63.5 ÷ 2), म्हणजे सुमारे 0.3 ग्रॅम येते. ऋणाग्र प्रयोगाआधी आणि नंतर हलकेच धुऊन, पूर्ण वाळवूनच तोलावे. ओलसर राहिले तर वजन जास्त भरते, आणि थर खरवडला गेला तर कमी.